उस्तादांचा घास

"रविवारी दुपारी घरच्या सगळ्यांना घेऊन यायचं, उस्ताद. सबब चालणार नाही," कप्तान म्हणाला, आणि उस्तादांच्या हातातला पाना थांबला.

ते त्या वेळी तळघराच्या फरशीवर उताणे पडले होते. डोकं भिंतीतल्या चौकोनी भोकात, पाय बाहेर, छातीवर टॉर्च. भोकातून एक अरुंद बोगदा सरळ वरच्या मजल्यावर गेला होता आणि त्यात जेवणाच्या बश्या वर पोचवणारी छोटी लिफ्ट होती. पूर्वी इथे चपलाबुटांचं दुकान होतं, तेव्हा त्याच लिफ्टमधून बुटांची खोकी वर जायची. दुकान बंद पडलं, लिफ्ट गंजत राहिली. आता त्या जागी थाई रेस्टॉरंट निघालं होतं. स्वयंपाकघर तळघरात, टेबलं वर. गंजलेली लिफ्ट पुन्हा चालती करायचं काम उस्तादांकडे आलं होतं आणि ते आज संपत आलं होतं.

"बघू," उस्ताद भोकातूनच म्हणाले.

"बघू नाही, यायचंच. उघडून आठवडा व्हायचाय अजून. लोक दारापर्यंत येतात, पाटी वाचतात, एकमेकांकडे बघतात आणि पुढे जातात. तुम्ही चार माणसं काचेजवळच्या टेबलावर बसून मनापासून जेवलात ना, की बाहेरच्यांना धीर येईल. तुम्हाला गल्लीत कोण ओळखत नाही? खाणारा माणूस म्हणजे तुम्ही!"

कप्तानाने आयुष्यात कुठलंही जहाज चालवलेलं नव्हतं. मालवाहू जहाजावर तो स्वयंपाकी होता. फिरता फिरता थायलंडच्या एका बंदरात त्याने लग्न केलं आणि बरीच वर्षं तिथेच काढली. आता बायकोला घेऊन तो परत आला होता. रेस्टॉरंट खरं म्हणजे तिचंच, हा फक्त बोलण्याचं काम करायचा. पण ते काम तो दोघांच्या वाटचं करायचा.

उस्ताद भोकातून बाहेर आले, हात पुसले. शेवटी मानेनेच हो म्हणून ते जिना चढले. रस्त्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपले तळहात ओले आहेत, आणि ते तेलाने नाही.

उस्ताद हे त्यांचं नाव नव्हे. लिफ्टच्या कंपनीत जोडीदारांनी ते पाडलं आणि मग घराबाहेर सगळ्यांच्याच तोंडी बसलं. उंच इमारतीच्या बोगद्यात, खाली अंधार आणि वर अंधार, अशा ठिकाणी लिफ्टच्या टपावर उभं राहून हा माणूस शीळ घालत काम करायचा. अडकलेल्या लिफ्टमधून त्यांनी किती माणसं बाहेर काढली असतील त्याला गणती नाही. आत रडणाऱ्या माणसाशी दाराच्या फटीतून ते असे गप्पा मारायचे की सुटका झाल्यावर त्या माणसालाच जरा चुकल्यासारखं वाटावं. आणि खाणं म्हणाल तर दांडगं. कंपनीच्या जेवणात उस्ताद ज्या टेबलावर बसतील तिकडे वाढपी आधी वळायचे.

हा माणूस आता पावाच्या तुकड्याला भीत होता.

झालं होतं ते असं. एका कचेरीच्या इमारतीत सुट्टीच्या दिवशी काम निघालं. उस्ताद गच्चीवरच्या मशीनरूममध्ये एकटे, जोडीदार सगळ्यात खाली, बोगद्याच्या तळाशी. दोघांकडे बोलायचे वॉकीटॉकी. जेवणाची वेळ झाली तशी उस्तादांनी डबा उघडला, उकडलेलं अंडं पावात घालून मोठा घास घेतला, आणि त्याच क्षणी खालून विचारणा आली, "उस्ताद, लिफ्ट वर सोडू का?" उत्तर द्यायला म्हणून त्यांनी घास घाईने गिळला. तो गेला नाही. वरही येईना, खालीही जाईना. श्वास बंद. खोकला येईना, आवाज निघेना. वॉकीटॉकीचं बटण त्यांनी दाबलं, पण बोलणार कशाने?

"उस्ताद? झोपलात का?" जोडीदार हसत म्हणाला.

त्या हसण्यातच आपण मरणार असं उस्तादांना वाटलं. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. मग काय सुचलं कोण जाणे, मोटरीभोवतीच्या लोखंडी कठड्यावर त्यांनी पोट जोराने आपटलं. एकदा, पुन्हा, आणखी एकदा. घास सुटला आणि भिंतीवर जाऊन पडला. बराच वेळ ते जमिनीवर बसून राहिले. नंतर वॉकीटॉकी उचलून म्हणाले, "सोड."

हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. सांगायचं ठरवायचे, आणि शब्द ओठांवर आले की लाज वाटायची. काय सांगणार, मी घाबरतो? कशाला, तर जेवायला? शिवाय कंपनीत कळलं तर एकट्याला मशीनरूममध्ये कोण पाठवेल? टेबलामागे बसवतील, फोन घ्यायला. दोन दिवसांत विसरून जाऊ असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण त्या दिवशी संध्याकाळी घरी पहिला घास तोंडात घेतला आणि घशाला आतून कोणी कडी घातल्यासारखं झालं. चावलं, चावलं, अगदी पाणी होईपर्यंत चावलं. तरी गिळवेना. बायको आत गेल्याचं बघून त्यांनी घास रुमालात काढला.

तेव्हापासून पातळ खाणं सुरू झालं. सूप, दूध, दुधात विरघळलेला पाव, मिठाचा पातळ भात. बायकोला सांगितलं, दाढ दुखते. दाढ किती दिवस दुखणार? मग पित्त झालं. मग डॉक्टरने वजन उतरवायला सांगितलंय अशी थाप मारली. कामावर जोडीदाराला सांगायचे की घरून जेवून आलोय, आणि घरी सांगायचे की कामावर जेवलोय. दोन्हीकडे वेळ मारून न्यायची म्हणजे कसरतच. हळूहळू बेल्टला नवीन भोकं पडली, गालफडं बसली.

त्यांची बायको पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. दिवसभर मोठमोठे पडदे मशीनखाली सरकवून तिचे खांदे भरून यायचे, तरी घरी आल्यावर नवऱ्याच्या पँटी ती उसवून कमरेला आत घ्यायला बसायची. एका शब्दाने विचारायची नाही. शिवण घातली, दोरा दाताने तोडला, पँट घडी करून कपाटात. उस्तादांना वाटायचं, हिला काही कळलं नाही, बरं झालं.

रविवारचं आमंत्रण तिला सांगणं भाग होतं, कारण कप्तानाने तोपर्यंत तिला रस्त्यात गाठून स्वतःच सांगितलं होतं.

"जाऊ या की," ती म्हणाली. तिने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "मुलीला आणि जावयांनाही बोलावते. किती दिवसांत आपण चौघं एकत्र जेवलो नाही."

"माझी दाढ..."

"दाढ बरी झाली म्हणाला होतात ना?"

आपल्याच थापांचा हिशेब आपल्यालाच राहत नाही म्हटल्यावर काय बोलणार?

मधले दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. कामावर जाताना मुद्दाम वाट वाकडी करून ते रेस्टॉरंटच्या पाटीसमोर उभे राहायचे आणि पदार्थ वाचायचे. परीक्षेला बसलेला पोरगा प्रश्नपत्रिकेत सोपा प्रश्न शोधतो तसे. कच्च्या पपईची कोशिंबीर. नाही, ती करकरीत. तळलेल्या शेवया, वर शेंगदाण्याचा कूट. अरे बापरे. आंबा आणि चिकट भात. चिकट! ते दोन पावलं मागेच सरले. शेवटी त्यांची नजर तोम यम नावाच्या सुपावर थांबली. सूप म्हणजे सूप. पातळ, गरम, चमच्याने प्यायचं. एक वाडगा सूप पुरवून पुरवून प्यायलो, मधेमधे हसलो, जावयाशी चार गोष्टी बोललो, की झालं. चिकट भात बघून घेईल कोणीतरी.

रंगीत तालीम म्हणून त्यांनी शुक्रवारी बायको दुकानात असताना स्वयंपाकघरात पावाचा कोरडा तुकडा तोंडात टाकला. पाण्याचा पेला हाताशी, पोट आपटायला खुर्चीची पाठ समोर. बराच वेळ चावून झाल्यावर त्यांनी डोळे मिटले. शेवटी तो लगदा त्यांनी बेसिनमध्ये थुंकला. आरशात बघायचं त्यांनी टाळलं.

रविवार उजाडला. लिफ्टची एकदा शेवटची तपासणी करतो असं सांगून उस्ताद सगळ्यांच्या आधी निघाले. खरं कारण असं की सूप कसं असतं ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं.

तळघरात वाफ कोंदली होती. कप्तानाची बायको मोठ्या पातेल्यापुढे उभी होती. बुटकी, गोल चेहऱ्याची बाई, कपाळावर रुमाल बांधलेला. तिला भाषा तोडकीमोडकीच यायची, म्हणून ती कमी बोलायची आणि जास्त हसायची. उस्तादांनी पातेल्यात डोकावलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सुपात लाकडाच्या काड्यांसारखं काहीतरी तरंगत होतं. जाड चकत्या होत्या. चामड्यासारखी हिरवी पानं होती.

"हे काय?"

"गवती चहा," ती काडी उचलून म्हणाली. मग चकती. "आलं. आमचं आलं." मग पान. "लिंबाचं."

"आणि हे सगळं खायचं?"

तिला प्रश्न नीट कळला नसावा. ती जोरजोरात मान हलवून म्हणाली, "खायचं, खायचं! खूप छान!"

उस्ताद लिफ्टच्या दाराशी जाऊन बसले आणि उगाच पान्याने एक घट्ट असलेला नट आणखी घट्ट करू लागले. एक आधार होता, तोही गेला. आता पळून जावं का? पोटात दुखतंय म्हणावं? कंपनीतून फोन आला म्हणावं? लिफ्टमध्ये कोणी अडकलं आहे, निघावं लागेल. ही थाप त्यातल्या त्यात बरी होती. ते खिशातला फोन चाचपतात तोच वरून मुलीचा आवाज आला, "बाबा! आम्ही आलो!"

काचेजवळचं टेबल कप्तानाने राखून ठेवलं होतं. पलीकडे रस्ता. येणारी-जाणारी माणसं काचेतून आत बघायची. गल्लीतला न्हावी हात करून गेला. दोन म्हाताऱ्या पाटी वाचायला थांबल्या त्या थांबल्याच. उस्तादांना वाटलं, या सगळ्या गावाला आपला घसाच बघायचाय.

मुलगी त्यांच्या समोर बसली. तिने बापाला बऱ्याच दिवसांनी पाहिलं होतं. ती काहीतरी बोलायला गेली, आईने तिच्याकडे पाहिलं, तशी ती थांबली. जावई भला माणूस. औषधांच्या दुकानात कामाला होता, बोलायचा कमी. त्याने सगळ्यांना पाणी ओतून दिलं.

छोटी लिफ्ट खडखडत वर आली. कप्तानाने दार उघडून वाडगे काढले आणि एकेक करून मांडले.

"हं, उस्तादांपासून सुरुवात! घ्या!"

चौघांच्याही वाडग्यांत काड्या, चकत्या, पानं. उस्तादांनी चमचा हातात घेतला. कोपर टेबलाला टेकवलं. बायको बघत होती, कप्तान बघत होता, काचेबाहेरच्या म्हाताऱ्या बघत होत्या. उसनं अवसान आणून त्यांनी चमच्यात नुसता रस्सा येईल असं बघून तो तोंडात घेतला. आंबट, तिखट, जहाल. ठसका लागला.

"काय झालं?" बायको अर्धवट उठली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काही नाही. तिखट आहे," उस्ताद डोळे पुसत म्हणाले.

तेवढ्यात जावयाने तोंडातून एक काडी काढली आणि कुठे ठेवावी म्हणून तो चोरट्यासारखा इकडेतिकडे बघू लागला. "हे चावतच नाही हो."

कप्तान हसला. "अहो, ते खायचं नसतं! वासापुरतं असतं. तोंडात आलं की काढायचं आणि बशीच्या कडेला ठेवायचं. आमच्याकडे सगळे तसंच करतात."

"म्हणजे तोंडातून काढायचं? सगळ्यांसमोर?" मुलीने विचारलं.

"सगळ्यांसमोर!"

मग टेबलावर एकच गंमत सुरू झाली. मुलगी पान काढते, जावई चकती काढतो, बायकोने तर काडी चघळून चघळून काढली. बश्यांच्या कडांना बारीक ढिगारे झाले. उस्तादांच्या छातीवरचा दगड जरासा हलला. इथे तोंडातलं बाहेर काढलं तर कोणी वळून बघत नाही! त्यांनी एक छोटासा मश्रूम तोंडात घेतला, पुष्कळ चावला, गिळायचा प्रयत्न केला. घसा मिटलेलाच. तेव्हा त्यांनी तो चमच्यावर काढून बशीच्या कडेला, काड्यांच्या मागे ठेवला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

बायकोच्या आलं. तिने त्या चावलेल्या मश्रूमकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिने आपला चमचा खाली ठेवला. उस्तादांनी मान वळवून काचेबाहेर बघायला सुरुवात केली.

पुढचे पदार्थ यायचे होते. खालून घंटा वाजली, कप्तानाने बटण दाबलं, लिफ्ट निघाल्याचा आवाज आला आणि मधेच बंद झाला. पुन्हा बटण दाबलं. काही नाही.

"उस्ताद," कप्तान केविलवाणा होऊन म्हणाला, "तुमच्या जेवणाच्या दिवशीच..."

एखाद्याला फाशीच्या तख्तावरून परत बोलवावं तसे उस्ताद खुर्चीवरून उठले. "बसा, बसा सगळे, मी आलोच!" जिना त्यांनी जवळजवळ धावतच उतरला.

खाली काम फारसं नव्हतंच. दार नीट लागलेलं असेल तरच लिफ्ट चालू राहावी म्हणून दाराच्या चौकटीत एक छोटा स्विच असतो. दारापाशी गवती चहाची एक काडी पडली होती, ती फटीत जाऊन बसली, लिफ्ट हलताना दार केसभर उघडलं आणि स्विचने आपलं काम केलं. दोन बोटांनी काढण्यासारखी गोष्ट. उस्तादांनी ती काढली नाही. ते पालथे पडून भोकात डोकं घालून राहिले. आत नेहमीचा ग्रीसचा वास होता. इथे कोणी बघत नव्हतं. थोडा वेळ लावावा, तोवर वरचे जेवून घेतील.

"उठा," मागून आवाज आला.

बायको होती. तिच्या मागे कप्तानाची बायको पातेल्याशी उभी होती आणि काय चाललंय ते न कळून हातातला डाव तसाच धरून होती.

"अगं, दोरात जरा..."

"दोरबीर काही नाही. उठा आणि माझ्याकडे बघून सांगा. कुठे निघालंय?"

"काय निघालंय?"

"गाठ! घशात की पोटात?" तिचा आवाज चिरकला. "मला काय खुळी समजता? पँटी कोण आत घेतंय तुमच्या? प्रत्येक वेळी टेप लावताना माझे हात गार पडतात. तुमचे खिसे तपासले मी, कपाट उलटंपालटं केलं, एक रिपोर्ट सापडला नाही. दवाखान्यात जाऊन विचारून आले. ते म्हणाले, तुमचे मिस्टर वर्षभरात इकडे फिरकलेच नाहीत. मग मला वाटलं, दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात जात असतील, मला कळू नये म्हणून. मुलीला मी आज मुद्दाम बोलावलं. तिने तुम्हाला एकदा बघावं म्हणून."

उस्ताद उठून बसले. त्यांच्या कपाळाला ग्रीसचा काळा डाग लागला होता. हिला काही कळलं नाही असं ते समजत होते, आणि ही त्यांच्या मरणाची तयारी करत बसली होती.

"गाठ नाही," ते म्हणाले.

"शपथ घ्या."

"शपथ. गाठबीठ काही नाही. मला..." शब्द पुन्हा ओठांशी येऊन थांबले. "मला गिळायची भीती वाटते."

"काय?"

मग त्यांनी सांगितलं. मशीनरूम, अंडं, वॉकीटॉकी, जोडीदाराचं हसणं, लोखंडी कठडा, रुमालात काढलेला घास. सांगताना ते हाताने पान्याचा दांडा पिळत होते. ती ऐकत होती. सांगून झालं तेव्हा ती भाज्यांच्या उलट्या ठेवलेल्या क्रेटवर मटकन बसली आणि हसू लागली. हसता हसता रडू लागली. रडता रडता एकदम भडकली.

"मेला असतात तिथे! आणि मला कधी कळलं असतं? संध्याकाळी?"

"म्हणून तर..."

"म्हणून तर काय? म्हणून सांगितलं नाहीत? इतके दिवस मी एकेक टाका घालताना काय काय डोळ्यांपुढे आणलंय, माहितेय? आणि तुम्ही रुमालात घास लपवत होतात! लहान पोर आहात का?"

तिचं बरोबर होतं. ते खाली मान घालून बसले. कप्तानाच्या बायकोला शब्द कळले नसतील, पण नवरा-बायकोचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. तिने काही न विचारता शेगडीवरच्या वाफेच्या भांड्याचं झाकण काढलं, आतून अंड्याचा वाफवलेला, थरथरणारा, खरवसासारखा मऊ पदार्थ एका वाटीत घेतला आणि दोघांच्या मधे ठेवला. चमचा एकच. मग ती पाठ फिरवून भाजी चिरायला लागली.

अंडं पाहून उस्ताद मागे सरकले. "नको. तेच नेमकं."

"बघू दे," बायकोने चमचाभर खाल्लं. "हे चावावंही लागत नाही. जिभेवरच जातं."

"नाही जमणार."

"नाही जमलं तर काढा बाहेर. वर सगळे काढतायत." तिने डोळे पदराला... पदर नव्हता, बाहीला पुसले. "मी इथे बसलेय. अडकलं तर पाठीत असा गुद्दा घालीन की घास भिंतीवर जाईल. तसाही घालावासा वाटतोयच."

उस्तादांना हसू आलं. त्यांनी चमच्याच्या टोकावर नखाएवढं घेतलं. जिभेवर ठेवलं. घसा मिटला. ते थांबले. बायकोने त्यांच्या पाठीवर तळहात ठेवला होता, दाबत नव्हती, नुसता ठेवला होता. वरून मुलीची हाक आली, "आई, काय झालं?" तळघरात फक्त सुरीचा टकटक आवाज. उस्तादांच्या कपाळावर घाम जमला. आणि मग, त्यांनी काही न ठरवता, ते गिळलं गेलं.

"गेलं?" तिने विचारलं.

त्यांनी मान हलवली. डोळे भरून आले होते. आणखी तीन-चार वेळा तेवढंच घेतलं. त्यातलं एकदा नाही गेलं, तेव्हा बाहेर काढलं. वाटी अर्धीसुद्धा संपली नाही. पण पुढचा चमचा घ्यायचा की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवलं, भीतीने नाही. मग त्यांनी दारातली काडी काढली आणि लिफ्ट वर गेली.

वर गेल्यावर बायकोनेच मुलीला सांगून टाकलं, सरळ, टेबलावर, पपईच्या कोशिंबिरीसमोर. मुलीने चमचा ठेवला. ती चिडली होती आणि पुढे बरेच दिवस तिचा राग गेला नाही. "मी रात्र रात्र इंटरनेटवर रोगांची नावं वाचत बसायची, बाबा," ती नंतर म्हणाली. जावई मात्र त्याच दुपारी शांतपणे म्हणाला, "अशी माणसं असतात, बाबा. आमच्याकडे गोळ्या गिळता येत नाहीत म्हणून कितीजण येतात. यावर शिकवणारे लोक आहेत." कप्तानाला फक्त एवढंच कळलं की उस्तादांना आज बरं नव्हतं. बाहेरच्या दोन म्हाताऱ्या मात्र आत येऊन बसल्या होत्या आणि चिकट भात मागत होत्या.

डॉक्टरांनी नळी घालून घसा तपासला. तो तपासणीचा दिवस बायकोने पाणीसुद्धा न पिता काढला. घसा स्वच्छ होता. पुढे त्यांना हॉस्पिटलातल्या एका बाईंकडे पाठवलं. गिळायला शिकवणं हेच त्यांचं काम. पहिल्या दिवशी उस्तादांना इतकी लाज वाटली की बाकावर बसताना त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. शेजारी एक पोलीस बसला होता. त्याचंही तेच दुखणं निघालं, फक्त त्याचं कारण माशाचा काटा. दोघांची गट्टी जमली.

कंपनीत त्यांनी जोडीदाराला सांगितलं. तो ऐकता ऐकता पांढराफटक पडला. "मी हसलो होतो, उस्ताद," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. आता जेवणाच्या सुट्टीत तो कितीही खाली असला तरी जिने चढून मशीनरूममध्ये येतो आणि समोर बसून जेवतो. उस्तादांना फोनच्या टेबलामागे कोणी बसवलं नाही.

भीती गेली का? गेली असं उस्ताद म्हणत नाहीत. आठवड्यातले चांगले दिवस वाढले आहेत. वाईट दिवशी पुन्हा दूध आणि पाव. एकट्याने ते अजून जेवत नाहीत.

परवा दोघंच कप्तानाकडे गेली होती. दुपारची गर्दी, सगळी टेबलं भरलेली. उस्तादांनी बटाटा घातलेला मऊसर, नारळाच्या दुधातला रस्सा मागवला. निम्मा बटाटा गेला, आणि तिसऱ्या घासाला काही कारण नसताना घसा मिटला. शेजारच्या टेबलावर कोणीतरी मोठ्याने हसलं होतं, तेवढंच. त्यांनी घास बशीच्या कडेला काढला, चमचा ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

बायको जेवत राहिली. शेवया गुंडाळत, वर न बघता म्हणाली, "घाई आहे का कुठे?"

"नाही."

"मग बसा."

ते बसले. आजूबाजूला ताटल्यांचा आवाज चालू होता. बऱ्याच वेळाने त्यांनी चमचा उचलला, बटाटा कडेने दाबून आणखी बारीक केला आणि त्यावर फुंकर घातली.